पगार तुटपुंजा असताना दशमांश द्यावाच लागतो का?

तुम्ही लिहिले आहे की पगार अठरा हजार, हडपसरच्या खोलीचे भाडे, आईची रक्तदाबाची औषधे आणि महिनाअखेरीस ठरलेली उसनवारी अशी ओढाताण असताना, विधवेच्या दोन टोल्यांवरचा, म्हणजे मंदिरात दोन अगदी हलकी नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेवरचा, उपदेश ऐकल्यापासून दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, न दिल्याची टोचणी लागली आहे, आणि प्रसंगी उसने घेऊन द्यावे का असे तुम्ही विचारता. त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: उसने घेऊन देऊ नका. ती रक्कम तुमची नसून ज्याने ती दिली त्याची असते, आणि दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानात त्याग कुठला? बाकीचा प्रश्न मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे, आणि पुण्याच्या कॅम्पातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हिशेब सांभाळणारा माणूस म्हणून त्याविषयी मला काही सांगावेसे वाटते.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातला तो प्रसंग ४१व्या ओवीपासून वाचण्याची प्रथा पडली आहे. तुम्ही तो ३८व्या ओवीपासून वाचावा. तिथे येशू शास्त्र्यांविषयी, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राच्या पंडितांविषयी, सावध करतो, की लांब झगे घालून मिरवणारे आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणारे हे लोक विधवांची घरे गिळंकृत करतात. त्यानंतर लगेच तो मंदिराच्या दानपेट्यांसमोर बसतो. त्या पेट्या तेरा होत्या आणि त्यांची तोंडे कर्ण्यासारखी होती, असे यहूदी परंपरा सांगते. विधवेने टाकलेली टोली हे त्या काळचे सर्वांत हलके नाणे. अशा दोन टोल्या म्हणजे दिनाराचा चौसष्टावा भाग, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी; आज मजूर अड्ड्यावरची हजेरी आठशे रुपये धरली, तर तिचे दान साडेबारा रुपयांचे भरते. नाणी दोन असल्यामुळे एक स्वतःजवळ ठेवणे तिला सहज शक्य होते. तिने ते केले नाही, म्हणून येशू शिष्यांना जवळ बोलावून तिच्याकडे लक्ष वेधतो. पण ‘तुम्हीही असेच करा’ असे तो म्हणत नाही, आणि तिच्याकडे कोणी मागितलेही नव्हते. तिची थोरवी निर्विवाद आहे. तिचा दाखला देऊन गरिबांकडून वसुली करणे म्हणजे मात्र ३८व्या ओवीतल्या शास्त्र्यांच्या पंगतीला जाऊन बसणे होय.

प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे अध्याय या बाबतीत अधिक उपयोगी आहेत, कारण तिथे खरोखरच वर्गणी गोळा करण्याचे काम चालू आहे, आणि तेही यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी. मासेदोनियातल्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी आम्हालाही यात वाटा घेऊ द्या अशी गळ त्यांनीच पौलाला घातली. हे उदाहरण दिल्यावर तो लगेच सांगतो, की माणसाजवळ जे आहे त्या मानाने दिलेले मान्य होते, जे नाही त्या मानाने नव्हे. आणि इतरांना आराम व तुम्हाला भार असा आपला हेतू नाही. किती द्यायचे ते प्रत्येकाने आपल्या मनात ठरवावे, नाइलाजाने देऊ नये, हेही तो स्पष्ट करतो. या दोन्ही अध्यायांत दशमांशाचा उल्लेखही नाही.

दशमांशाचा मूळ नियम धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरेढोरे यांच्याविषयी होता, आणि जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून ठेवायचा होता. म्हणजे विधवा त्या व्यवस्थेत घेणाऱ्यांच्या बाजूला होती. दशमांश मोडीत काढावा असे मी म्हणत नाही. आयटीत दीड लाख कमावणाऱ्याने दहा टक्के दिले तर त्याला मी त्यागही म्हणणार नाही. अठरा हजारांतून अठराशे काढताना मात्र पहिली कात्री बहुधा आईच्या गोळ्यांना लागते. मार्कच्या ७व्या अध्यायात येशू नेमक्या याच गोष्टीवर कडाडतो: आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर करून हात झटकणाऱ्यांवर.

म्हणून त्याग करायचा तो स्वतःच्या वाट्यातून, असे माझे मत आहे. आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला आवारात वस्तूंचा लिलाव होतो. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी दरवर्षी स्टीलच्या डब्यात भुशात रोवलेली सहा अंडी आणतात. एरवी मावशी ती अंडी भुर्जीच्या गाडीवाल्याला विकतात आणि त्या पैशांत त्यांची स्वतःची चहापत्ती येते. अंडी कोणीतरी दोनशेला घेतो, परत टेबलावर ठेवतो आणि पुन्हा बोली लागते. (पाळकसाहेबांचा आवाज त्या दिवशी मार्केट यार्डातल्या अडत्यासारखा चढतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.) दोनशे रुपये देणाऱ्याचे काही अडत नाही, मावशींचा आठवडाभराचा चहा मात्र खरोखर जातो, आणि त्यांच्या घरात दुसऱ्या कोणाचे काही कमी होत नाही. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची रीत आहे. बायका तो घरोघर जाऊन गोळा करतात आणि त्याच्या विक्रीतून मंडळीचे काम चालते. त्या मुठीने सगळ्या घराचाच घास थोडा कमी होतो, पण कोणी उपाशी राहत नाही.

‘बी पेरा, शंभरपट उगवेल’ असे सांगून पाकिटे फिरवणाऱ्या सभांपासून दूर राहा, हेही सांगितले पाहिजे. परतफेडीच्या आशेने दिलेले दान कुठे नेते, याचा अनुभव पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवला आहे. त्यांच्या आईवडिलांनी पुण्य आणि देवाची कृपा लाभावी म्हणून तीर्थक्षेत्री जवळचे सगळे दानधर्मात घातले, आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात घरावर अन्नान्न दशा आली; आईवडील आणि बहीण त्यात गेली. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या आणि आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांचे मुक्ती सदन उभे राहिले. त्या मुलींकडून परत काही मिळेल असा त्यात हिशेब नव्हता.

तुमच्यापुरते सांगायचे तर, भाडे, औषधे आणि उसनवारीचा हप्ता आधी बाजूला काढा. मग केवळ तुमच्यासाठी जे उरते त्यातून थोडे टोचेल इतकी रक्कम स्वतः ठरवा, मग ती पन्नास रुपये का असेना, आणि ती पगाराच्या दिवशीच पाकिटात घाला. ती सगळी मंडळीलाच दिली पाहिजे असे नाही. खोलीशेजारच्या मुलाची वही हेही दानच आहे. मंडळीला द्याल त्याची पावती मागायला संकोचू नका, कारण नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला हिशेब ठेवावाच लागतो. आणि पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना उपासनेनंतर गाठून आईच्या औषधांची अडचण सांगा. बहुतेक मंडळ्यांत गरजूंसाठी थोडाफार निधी असतो, आणि पौलाने ज्या समानतेविषयी लिहिले आहे तिच्यात आज इतरांच्या विपुलतेतून तुमची गरज भागणे हेही येते. आमच्याकडे त्या निधीसाठी अर्ज करणारे फार थोडे असतात. ज्यांनी करायला हवा ते दशमांश थकला म्हणून मागच्या बाकावर बसून लवकर निघून जातात.