लेक म्हणते बस, यजमान म्हणतात रेल्वे

प्रश्न : लेक-जावई म्युनिकला असतात. मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. तिथून प्राग आणि व्हिएन्ना बघायचंय, पण त्यांना रजा नाही, म्हणून आमचं आम्हालाच जावं लागेल. लेक म्हणते, बसने जा, स्वस्त पडतं. ह्यांना रेल्वेच हवी. ह्यांचे गुडघे दुखतात, शुगरमुळे बाथरूमलाही सारखं जावं लागतं. काय करावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : व्हिएन्नासाठी वाद घालूच नका. थेट रेलजेट गाडी साधारण चार तासांत पोचवते, बसला त्याहून जास्त वेळ लागतो. विषय संपला.

प्रागच्या बाबतीत मात्र लेकीचं म्हणणं खोडता येत नाही. वाटेतल्या रेगेन्सबुर्ग शहराच्या पुढे चेक सरहद्दीपर्यंत रुळांवर विजेच्या ताराच नाहीत, तिथे डिझेल इंजिन लागतं. त्यामुळे थेट गाडीलाही साडेपाच-सहा तास लागतात. बस महामार्गाने साधारण पाच तासांत जाते आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडते. बस आडबाजूला उतरवेल ही भीतीही नको. म्युनिकचा बसस्टँड हाकरब्रुकेला, मुख्य स्टेशनपासून लोकलने एकच स्टॉप. प्रागचा फ्लोरेन्त्स स्टँडही मुख्य स्टेशनपासून मेट्रोने एकच स्टॉप. आपलं नाशिकरोड स्टेशन गावापासून किती लांब, ते आठवून बघा!

तरीही माझं मत यजमानांना. तिकडच्या बसमध्ये टॉयलेट असतं, पण बहुतेक बसमध्ये ते मधल्या दाराशी, अरुंद उंच पायऱ्या उतरून खाली. बस वळणावर असताना, एका हाताने दांडा धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी त्या पायऱ्या दोन-तीनदा उतरायच्या आणि चढायच्या, हे मला तरी पटत नाही. पुण्याला जाताना नारायणगावला बस थांबते, चहा होतो, पाय मोकळे होतात. त्या भरवशावर राहू नका. युरोपातल्या नियमाप्रमाणे चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, पण तोवर तुम्ही जवळजवळ पोचलेल्या असाल. रेल्वेत मधल्या वाटेने फेऱ्या मारता येतात, टॉयलेट त्याच पातळीवर असतं. तासभर जास्त लागला तर लागू दे.

आता तिकिटाचं. जर्मनीत तिकीट काढलं म्हणजे सीट मिळाली असं नसतं, सीटचं आरक्षण बहुधा वेगळे पैसे भरून करायचं. ते कराच. ‘श्पारप्राइस’ हे सवलतीचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त मिळतं, पण ते त्या ठरलेल्या गाडीलाच चालतं. पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, तर ही अट सुटते आणि दुसरी गाडी पकडता येते. या नियमाची गरज पडू शकते. जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात ही आपल्याकडची समजूत जुनी झाली. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर धरून! म्हणून गाडी बदलायला लावणारं तिकीट घेऊ नका, थेट गाडीच बघा.

पासपोर्ट मूळचाच जवळ ठेवा, झेरॉक्स नको. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे, परतताना गाडीत पोलीस येऊ शकतात.

आणि सरहद्दीलगतचं ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग शहर राहू देऊ नका. त्यासाठी ‘बायर्न टिकिट’ काढा, म्हणजे म्युनिक ज्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात आहे, तिथलं दिवसभराचं तिकीट. ते फक्त साध्या प्रादेशिक गाड्यांना चालतं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच, पण शनिवार-रविवारी ही वेळेची अट नाही. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, तेव्हा रविवारी लेक-जावयालाही बरोबर घ्या.