नागपुरात सर्व्हर रूम करतोयस? आधी उन्हाचा हिशोब कर

अरे भाऊ, रॅक, म्हणजे सर्व्हर ठेवायची कपाटं, कोणत्या कंपनीचे घेऊ हे नंतर बघ. आधी सांग, तुझा लोड किती किलोवॅट आहे? सर्व्हर जेवढी वीज खातो जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो, आणि एक टन एसी म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट, हा हिशोब कागदावर मांड. पण कॅटलॉगमधला टनेज बहुतेक बाहेर ३५ डिग्री धरून दिलेला असतो अन आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवर आउटडोअर युनिटपाशी तर त्याहून जास्त, मग क्षमता घसरते आणि ऐन दुपारी एसी ट्रिप होऊन बंद. माझं पहिल्या उन्हाळ्यात हेच झालं, दोन युनिट शेजारी शेजारी, एकाची गरम हवा दुसरा ओढत होता!

सर्व्हर जिथून हवा आत ओढतो त्या तोंडाशी १८ ते २७ डिग्री चालतं, उगाच १६ वर ठेवून बिल वाढवू नको. रॅकच्या रांगांमध्ये थंड हवा आत जायची गल्ली आणि गरम हवा बाहेर पडायची गल्ली वेगळी ठेव, रॅकमधल्या रिकाम्या जागा ब्लँकिंग पॅनलने, म्हणजे झाकणाच्या पट्ट्यांनी, बंद कर, स्वस्तातला उपाय आहे पण लोक हाच टाळतात.

कूलरसारखी पाण्याची पद्धत? कोरड्या उन्हाळ्यात मस्त, पावसाळ्यात फुस्स, आपल्या घरच्या वाळ्याच्या कूलरचं होतं तसंच.

बॅटरी रूमलाही थंडावा दे बरं, लेड अ‍ॅसिड बॅटरी २५ च्या वर १० डिग्री गेली की आयुष्य निम्मं. आणि एसी जनरेटरवर घेतलाय ना?