ॲप उघडताना अपडेट तपासणी अडकते, काय करावं?
तुमची अडचण अशी की ॲप उघडताच नवी आवृत्ती आहे का ते तपासतं, आणि गोव्यातल्या सत्तरी-काणकोणात रेंज कमी असली की पडदा पांढराच राहतो. मुळात ही तपासणी ॲपच्या वाटेत ठेवूच नका. ॲप आधी उघडू दे, तपासणी मागाहून.

दर वेळी पूर्ण माहिती उतरवायचीही गरज नाही. सर्व्हर फाइलसोबत ईटॅग, म्हणजे त्या आवृत्तीची ओळखखूण, देतो. तो जपून ठेवा आणि पुढच्या वेळी 'इफ-नन-मॅच' हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) परत पाठवा. बदल नसेल तर फक्त 304 हा 'बदल नाही' सांगणारा कोड येतो, सोबत मजकूर काहीच नाही. डोंगराआडच्या गावात हा फरक लगेच जाणवतो.

बॅटरीचं दुखणं वेगळं आहे. विनंती कितीही छोटी असो, मोबाइलचा रेडिओ त्यानंतर काही सेकंद जागाच राहतो. म्हणून तासातासाला विचारू नका. अँड्रॉइडवर वर्कमॅनेजरने (मागच्या मागे ठरावीक वेळी कामं चालवणाऱ्या साधनाने) दिवसातून एकदा तपासलं तरी पुरे. वायफायची अट मात्र डाउनलोडलाच घाला, तपासणीला नको. गावात अनेकांकडे मोबाइल डेटाच असतो, तपासणीलाही ती अट घातली तर त्यांना अपडेट आल्याचं कळणारच नाही.

प्रत्येक फोनची तपासणीची वेळ थोडी पुढेमागे ठेवा, नाहीतर सगळे एकदम सर्व्हरवर तुटून पडतात.