भारतात वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाने ब्रिटनमधल्या प्रॅक्टिकल टेस्टची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यात दहा वर्षे स्वतःची गाडी चालवली, कधी कुणाला साधा ओरखडाही लावला नाही, आणि तरीही इंग्लंडमधल्या प्रॅक्टिकल टेस्टमध्ये 'जंक्शनवरचे निरीक्षण' या शेऱ्यावर नापास ठरलात. इतका अनुभव गाठीशी असताना पुन्हा शिकवणीवर पैसे खर्च करावेत का, आणि नेमके काय सुधारावे, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. शिकवणी जरूर घ्यावी, परंतु ती नवशिक्याची असू नये, असे माझे मत आहे. मी नाशिकहून आलो. कसारा घाट रात्री-अपरात्री चालवण्याची सवय होती. गेली अनेक वर्षे मिल्टन कीन्समध्ये राहतो, आणि इथली परीक्षा दिल्यानंतर आपल्याकडच्या बऱ्याच नव्या मंडळींच्या शेजारी बसून त्यांचा सराव करून घेतला आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

गाडीवरचा ताबा तुमच्याकडे आहेच, आणि या परीक्षेत तो गृहीत धरलेला असतो. आपल्या रस्त्यांवर वाट मिळते ती वाटाघाटीने. हॉर्नचा एक हलका इशारा, समोरच्याशी नजरानजर, गाडीचे तोंड वीतभर पुढे काढणे, आणि मग दोघांपैकी एकाने थांबणे, हे सगळे दोन-तीन सेकंदांत ठरते. त्याला खरे कौशल्य लागते आणि मी ते कमी लेखत नाही. ब्रिटनमध्ये कुणी थांबायचे हे रस्त्यावर रंगवलेल्या रेघांनी आणि पाट्यांनी आधीच ठरलेले असते. परीक्षक चाळीसएक मिनिटे तुमच्या शेजारी बसून मुख्यतः एकच गोष्ट पाहत असतो : तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाला वेग कमी करावा लागला का, किंवा वाट बदलावी लागली का? तशी वेळ आली तर तुम्ही गाडी कितीही सफाईने फिरवलेली असली तरी उपयोग नाही.

याची दुसरी बाजू आपल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. घाबरून विनाकारण थांबून राहणे हाही इथे दोषच धरला जातो. राउंडअबाउटवर, म्हणजे वर्तुळाकार चौकात, उजवीकडून कुणीही येत नसताना तुम्ही ताटकळत राहिलात, तर मागच्याला तुमच्यामुळे थांबावे लागते. त्यामुळे 'परीक्षेच्या दिवशी हळू आणि जपून चालव' हा घरच्यांचा सल्ला अपुरा आहे. आपली पाळी नसेल तर थांबायचे आणि असेल तर निःशंकपणे निघायचे, या दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. मात्र हायवे कोडची, म्हणजे ब्रिटनच्या अधिकृत वाहतूक नियमावलीची, भूमिकाही ध्यानात ठेवावी : तो कुणालाही पुढे जाण्याचा हक्क बहाल करीत नाही, कुणी कुणासाठी थांबावे एवढेच सांगतो. समोरचा चुकला तरी धडक टाळण्याची जबाबदारी तुमच्यावर उरतेच.

आता तुमच्या शेऱ्याकडे येतो. जंक्शनवर गिव्ह वेच्या ('वाट द्या' सांगणाऱ्या) तुटक रेघेशी पोहोचल्यावर उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहणे तुम्ही केलेच असेल. अडचण बहुधा तिथे येते जिथे कोपऱ्यावर कुंपण, भिंत किंवा उभी केलेली व्हॅन असते आणि रेघेवरून काही दिसतच नाही. अशा ठिकाणी इन्स्ट्रक्टर मंडळी 'पीप अँड क्रीप' म्हणतात : क्लच अर्धा धरून गाडी इंच-इंच पुढे सरकवायची, अंग थोडे पुढे झुकवून पाहायचे, थांबायचे, आणि रस्ता खरोखर मोकळा दिसल्यावरच निघायचे. बाहेरून पाहणाऱ्याला हे अगदी पुण्यासारखेच वाटेल, कारण तिथेही आपण इंच-इंच पुढे सरकतो. पण तिथे आपण दुसऱ्याने थांबावे म्हणून सरकतो आणि इथे स्वतःला दिसावे म्हणून. परीक्षकाला हा फरक तुमच्या मानेच्या हालचालीवरून आणि ब्रेकवरच्या पायावरून लगेच कळतो. ज्या क्षणी आडव्या रस्त्यावरच्या गाडीचा वेग तुमच्या बोनेटमुळे कमी होतो, त्या क्षणी गंभीर दोष लागू शकतो.

दोषांची मोजणी समजून घेतल्यास मनावरचा ताण बराच हलका होतो. पंधरापर्यंत किरकोळ दोष चालतात आणि एकही गंभीर किंवा धोकादायक दोष चालत नाही. गाडी एकदा बंद पडली, सॅट-नॅव्हने सांगितलेले वळण चुकून दुसऱ्याच रस्त्याला लागलात, किंवा स्टिअरिंग फिरवताना हातावर हात आला, तर केवळ तेवढ्यामुळे कुणी नापास होत नाही. चुकीच्या रस्त्याला लागल्यावर घाईने लेन बदलून परतण्याचा प्रयत्न मात्र महागात पडतो. चुकलेल्या रस्त्यानेच नियम पाळून जात राहावे; परीक्षक आपणहून पुढची दिशा सांगतो.

आपल्या अनुभवी लोकांना सर्वांत जास्त सराव लागतो तो जुन्या वस्त्यांमधल्या अरुंद रस्त्यांचा, असे मला वाटते. दोन्ही बाजूंना चिकटून गाड्या उभ्या आहेत, मधे एकच गाडी जाईल एवढी वाट आहे, आणि समोरून डिलिव्हरीची व्हॅन येते आहे असे समजा. नाशिकचा माणूस या क्षणी नकळत वेग वाढवतो, कारण आधी शिरेल त्याची वाट अशी त्याची धारणा असते. इथे दूरवरूनच अंदाज घ्यायचा असतो. अडथळा आपल्या बाजूला असेल तर साधारणपणे आपण थांबायचे. दोन्हीकडे असेल तर ज्याच्या बाजूला मोकळी जागा आहे, म्हणजे एखाद्या घराच्या फाटकापुढची किंवा गल्लीच्या तोंडाशी असलेली, त्याने त्या जागेत शिरून वाट द्यायची. ती जागा जवळ येण्याच्या बऱ्याच आधी आरसे पाहावेत, वेग उतरवावा, दुसऱ्या गिअरमध्ये यावे, आणि उभ्या गाड्यांपासून शक्य तितके, म्हणजे त्यांचे दार अचानक उघडले तरी लागणार नाही इतके, अंतर ठेवावे. जागा तेवढी नसेल तर चालण्याच्या गतीने जावे. हे जमू लागले की बाकीची परीक्षा निम्मी सोपी होते, कारण यात दूरचे पाहणे, आरसे, वेग आणि दुसऱ्याचा विचार हे सगळे एकत्र येते.

राउंडअबाउटचा नियम छोटा आहे : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. गोंधळ होतो तो लेन आणि इंडिकेटरचा. दुसरी पाटी किंवा खूण नसेल तर डावीकडे किंवा सरळ जाण्यासाठी डावी लेन आणि उजवीकडे जाण्यासाठी उजवी लेन धरावी. सरळ जाताना आत शिरण्याआधी इंडिकेटर देऊ नये, आणि आपल्याला ज्या फाट्याने बाहेर पडायचे त्याच्या आधीचा फाटा ओलांडताच डावा द्यावा. मिनी राउंडअबाउट म्हणजे रस्त्यावर रंगवलेला पांढरा ठिपका असतो. गाडी लहान आहे म्हणून त्यावरून सरळ नेऊ नये, त्याला वळसा घालावा. स्विंडन शहरात 1972 पासून पाच मिनी राउंडअबाउटांचा मिळून एक प्रचंड राउंडअबाउट आहे. तिथे गाड्या न अडता वाहत राहतात, कारण प्रत्येक जण तोच एक छोटा नियम पाळतो.

इंडिकेटरवरून आठवले. मारुती किंवा ह्युंदाईची गाडी चालवलेल्या आपल्या हाताला इंडिकेटरचा दांडा स्टिअरिंगच्या उजवीकडे असण्याची सवय असते, आणि इथल्या बहुतेक गाड्यांत तो डावीकडे असतो. सुरुवातीला वळणावर वायपर सुरू होतो, आणि तो बंद करण्याच्या नादात नजर रस्त्यावरून हटते. म्हणून पहिल्या सरावाआधी उभ्या गाडीतच दहा मिनिटे केवळ दांडे, दिवे, मागच्या काचेचा हीटर आणि काच धुण्याचा फवारा यांची ओळख करून घ्यावी. गाडी चालू असताना यांपैकी एखादी गोष्ट करून दाखवायला परीक्षक सांगतोच.

आरशांबद्दल एवढेच सांगतो की वेग, दिशा किंवा लेन यांपैकी काहीही बदलण्याआधी आरसा पाहिलाच पाहिजे, आणि तो इंडिकेटरच्या आधी. कडेहून निघताना उजव्या खांद्यावरून ब्लाइंड स्पॉटही, म्हणजे आरशात न दिसणारा भागही, पाहावा. रिव्हर्स घेताना केवळ कॅमेऱ्यावर विसंबू नये, मागच्या काचेतून आणि सभोवार नजर फिरत राहिली पाहिजे.

तीन सवयी मात्र विमानतळावरच सोडून याव्यात. चौकात सरळ जायचे म्हणून चारही इंडिकेटर लावण्याची महाराष्ट्रातली पद्धत इथे चालत नाही. हॉर्न फक्त आपले अस्तित्व कळवण्यासाठी आहे. गाडी उभी असताना तो वाजवू नये, अपवाद फक्त दुसऱ्या वाहनामुळे धोका असेल तर. आणि हेडलाइटचा झोत. आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतो आहे, थांब' असा होतो, इथे अनेक चालक 'तुम्ही या' या अर्थाने तो देतात, आणि हायवे कोडच्या मते त्याचा अर्थ केवळ 'मी इथे आहे' एवढाच आहे. परीक्षेत कुणी झोत दिला म्हणून लगेच निघू नका. रस्ता मोकळा आहे हे स्वतः पाहा, आणि तुम्ही कुणालाही झोत देऊन बोलावू नका.

पादचाऱ्यांचे नियम जानेवारी 2022 मध्ये बदलले, आणि फार पूर्वी परीक्षा दिलेले मित्र तुम्हाला जुने नियम सांगतील. तुम्ही ज्या रस्त्यात वळत आहात तो ओलांडण्यासाठी कुणी कडेला नुसते उभे असले तरी त्याला आधी जाऊ द्यावे, असे आता अपेक्षित आहे, आणि झेब्रा क्रॉसिंगवरही तसेच. सायकलवाल्याला ओलांडताना ताशी तीस मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर ठेवावे, त्याहून जास्त वेगात अधिक. तेवढी जागा नसेल तर मागे राहावे. मला हा बदल मनापासून पटतो. रस्त्यावर जो जास्त इजा करू शकतो त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे त्यामागचे तत्त्व आपल्याकडेही रुजावे असे वाटते.

वेगाच्या बाबतीत मैलांचा हिशेब अंगवळणी पडायला वेळ लागतो. ताशी तीस मैल म्हणजे सुमारे 48 किलोमीटर. दिव्यांचे खांब असलेल्या वस्तीतल्या रस्त्यावर दुसरी पाटी नसेल तर इंग्लंडमध्ये हीच मर्यादा असते, आणि वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून ती वीस आहे. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीला साठ आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर सत्तर. रस्ता कोरडा, सरळ आणि मोकळा असताना तिथे चाळीसने रेंगाळणे हाही दोष ठरतो, तर झुडपांनी झाकलेल्या वळणावर साठ हा वेडेपणा आहे.

शिकवणीबद्दल बोलायचे तर, इन्स्ट्रक्टरला पहिल्याच दिवशी सांगा की मला गाडी शिकवू नका, टेस्ट सेंटरच्या आसपास तासभर परीक्षेसारखे फिरवा आणि प्रत्येक दोष मोठ्याने सांगा. चांगला इन्स्ट्रक्टर याला आनंदाने तयार होतो. जो अनुभव न पाहता सरसकट तासांचे पॅकेज गळ्यात मारतो तो टाळावा. त्याने सांगितलेल्या दोषांवरचा बाकीचा सराव घरच्या गाडीत करता येतो. शेजारी बसणारा किमान एकवीस वर्षांचा आणि तीन वर्षे पूर्ण लायसन्स असलेला हवा, एल-प्लेट आणि तुमच्या नावाचा विमा हवा. क्लचची सवय असेल तर परीक्षा मॅन्युअल गाडीतच द्या, कारण ऑटोमॅटिकमध्ये दिलेल्या परीक्षेने फक्त ऑटोमॅटिक चालवण्याची परवानगी मिळते.

तुमच्या पुढच्या तारखेबद्दल दोन गोष्टी. नापास झाल्यावर पुढची परीक्षा किमान दहा कामकाजाच्या दिवसांनंतरच देता येते, पण तारखा मिळणे इतके कठीण झाले आहे की आज रात्रीच अर्ज करा, आणि तो सरकारी संकेतस्थळावरूनच करा. थिअरीचे, म्हणजे प्रॅक्टिकलआधीच्या नियमांच्या परीक्षेचे, प्रमाणपत्र दोन वर्षेच चालते, त्याची मुदतही पाहून ठेवा. भारतीय लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते आणि ते बदलून ब्रिटिश लायसन्स मिळत नाही, म्हणून तो काळ संपत आला असेल तर प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्सवरच, शेजारी जाणता चालक घेऊन चालवावे.

उत्तीर्ण झाल्यावरचा एक नियम आधीच सांगून ठेवतो. पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण (वाहतुकीच्या गुन्ह्यांबद्दल लायसन्सवर नोंदले जाणारे गुण) झाले की लायसन्स रद्द होते आणि थिअरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. भारतातला अनुभव त्यात मोजला जात नाही, आणि गाडी चालवताना फोन हातात धरल्याचे एकाच वेळी सहा गुण होतात. शिवाय शिकाऊ चालकाचा विमा बहुधा परीक्षा उत्तीर्ण होताच संपतो. त्यामुळे घरच्या गाडीतून परीक्षेला जाणार असाल, तर परतीचा विमा कसा सुरू होणार हे कंपनीला आदल्या दिवशीच विचारून घ्या.