आई-बाबांना घेऊन फ्रान्समधल्या कालव्यावर आठवडाभर बोट चालवणं जमेल का?

तुम्ही विचारलंय की बोट चालवायचा परवाना नाही, आई-बाबा सत्तरीला आलेत, सगळे शाकाहारी आहेत. तर कॅनाल द्यू मिदीवर जावं का, आणि तुलूजपासून समुद्रापर्यंतचा सगळा कालवा एका आठवड्यात होईल का? जरूर जा. पण सगळा कालवा करायच्या भानगडीत पडू नका. मी तुलूजमध्ये नोकरीला आहे, हा कालवा रोज बघतो आणि सुट्टी मिळाली की त्याच्यावर जातो, म्हणून जरा हक्काने सांगतो.

कालवा २४० किलोमीटरचा आहे. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर, आणि वाटेत साठाहून जास्त लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोट चढवणारे-उतरवणारे दारांचे हौद. लॉकवर दुपारी जेवणाची सुट्टी असते, रात्री भाड्याची बोट चालवता येत नाही. एवढ्यात सगळा कालवा उरकायचा म्हणजे सकाळ-संध्याकाळ लॉकच्या रांगेत उभं राहायचं, आणि गावं नुसती काठावरून बघायची.

त्यापेक्षा आर्जां-मिनेर्व्वा ते बेझिए हा टप्पा घ्या. इथे सलग ५० किलोमीटरहून जास्त अंतरात एकही लॉक नाही. हा कालवा बांधणाऱ्या रिकेने तो डोंगरउताराच्या कडेकडेने, एकाच पातळीवर वळवत नेला, म्हणून हे जमलं. पियेर-पोल रिके हा मिठावरचा कर वसूल करणारा अधिकारी. १६६६ ते १६८१ या काळात हे काम झालं. त्याने स्वतःचा पैसा यात ओतला, आणि कालवा खुला व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये तो गेला. खोदण्यापेक्षा अवघड होतं ते कालव्याच्या सगळ्यात उंच जागी, नोरूझला, बारमाही पाणी पोचवणं. त्यासाठी त्याने मोंतान्य नुआर डोंगरातले ओढे चर खणून वळवले आणि सां-फेरेओलला धरण बांधलं. ज्यांच्या घरी पाटाच्या पाण्याची पाळी कधी लागत असे, त्यांना या माणसाची करामत लगेच कळेल. तुमच्या बाबांना हे आधी वाचायला द्या.

परवान्याची काळजी नको. बोट भाड्याने देणारेच तासभर शिकवतात आणि तेवढ्या मुक्कामापुरतं कार्ड करून देतात. सुकाणू फिरवल्यावर बोट जरा उशिराने वळते, तेवढं हाताला बसलं की झालं.

तरी एखादं लॉक अनुभवायचं असेल तर आर्जांचंच करा. मिदीवरची जुनी लॉक अंडाकृती आहेत. सुरुवातीला सरळ भिंती कोसळल्या, तेव्हा मातीचा दाब पेलावा म्हणून रिकेने भिंतींना बाक दिला. आत शिरल्यावर दोर काठावरच्या लोखंडी खुंट्याभोवती नुसता फिरवून टोक हातात धरायचं, गाठ कधीही मारायची नाही. पाणी उतरू लागलं की दोर हळूहळू सोडत जायचा. गाठ मारलेली असेल तर बोट दोराला लटकते. खाली उतरताना पाणी शांत असतं, वर चढताना खळबळतं, म्हणून आई-बाबांना त्या वेळी आत बसवा.

रात्री मुक्काम बहुतेक ठिकाणी करता येतो, दोन खुंट्या हातोड्याने काठावर ठोकायच्या आणि बोट बांधायची. झाडाला मात्र दोर बांधू नका. कालव्याकाठी सुमारे ४२ हजार प्लेन वृक्ष होते. २००६ पासून त्यांना एक बुरशी लागली, ती जखमेतून आणि मुळांमधून पसरते, आणि लागण झालेलं झाड तोडावंच लागतं. हजारो तोडलीत. जुन्या फोटोंतली सलग सावली आता सगळीकडे मिळणार नाही, आणि ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं. नवी, वेगवेगळ्या जातींची झाडं लावलीत, ती अजून लहान आहेत. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळा. मे-जून किंवा सप्टेंबर बघा. तेव्हा भाडंही कमी असतं.

जेवणाचं सोपं आहे. बोटीवर गॅस, फ्रिज, भांडी असतात. डाळ, तांदूळ, मसाले आणि छोटा कुकर घेऊन जा. भाज्या, चीज, पाव, द्राक्षं, जर्दाळू गावच्या बाजारात उत्तम मिळतात. इथल्या प्रसिद्ध कासूलेत पांढरी राजमासारखी कडधान्यं असली तरी बदक आणि सॉसेजही असतात, तेव्हा नुसतं वर्णन वाचून मागवू नका.

या टप्प्यावर पारझाजवळ १६७६ चा जलसेतू आहे, म्हणजे बोट ओढ्यावरच्या पुलावरून जाते. ल सोमायला थांबाच, जुना दगडी पूल आणि पुस्तकांचं मोठं दुकान आहे. पुढे मालपासचा १६७९ चा बोगदा. तिथे उतरून एन्सेर्यूनच्या टेकडीवर जा: खाली मोंतादीचं तळं तेराव्या शतकात कोरडं करून केलेली, चाकाच्या आऱ्यांसारखी कापलेली शेतं दिसतात. बाबांना चढण झेपत नसेल तर कोलोंबिएहून टॅक्सी करा.

बेझिएजवळची फोंसेरानची लॉकची शिडी, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेली लॉक, बोटीने उतरू नका. २१ मीटरहून जास्त उतार आहे, चढत्या-उतरत्या बोटींच्या वेळा ठरलेल्या आहेत, ताटकळावं लागतं. बोट वर ठेवून काठावरून बघा, जास्त मजा येते. आर्जांहून निघून तिथवर आणि परत, असं केलंत तर बोट जिथून घेतली तिथेच देता येते. पॅरिसहून यायचं असेल तर नार्बोनपर्यंतची रेल्वे आधीच काढून ठेवा, उशीर केला की तिकीट महागतं.