बी ची लस घेऊनही कावीळ झाली, म्हणजे लस वाया गेली का?

तुम्ही लिहिलंय की हेपॅटायटिस बी ची तिन्ही इंजेक्शनं वेळेवर घेतली होती, तरी कावीळ झाली. रिपोर्टमध्ये एचबीएसएजी (बी विषाणूच्या आवरणाचं प्रथिन) निगेटिव्ह, आयजीएम अँटी-एचईव्ही (हेपॅटायटिस ई च्या ताज्या लागणीत बनणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. आणि घरी पत्नीला सातवा महिना आहे. मी पुण्यात लॅब टेक्निशियन आहे, याच टेस्ट लावतो, म्हणून लिहितोय.

लस वाया गेलेली नाही. ती ज्याला अडवते तो बी विषाणू तुमच्या रक्तात सापडलाच नाही. एलायझाच्या, म्हणजे रंग बदलून लागण दाखवणाऱ्या टेस्टच्या, प्लेटमध्ये बी चा खळगा कोरा राहिला असणार. ई च्या खळग्यात आधी निळा आणि शेवटी आम्ल पडताच पिवळा रंग आला असणार. नाव सारखं असलं तरी या दोन विषाणूंचं कूळच वेगळं. बी रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो. ई पोटात जातो तो सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून.

१९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं दूषित पाणी नळाला आलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन वाढवलं होतं, त्यामुळे टायफॉइडसारखे आजार फारसे वाढले नाहीत, पण हा ई विषाणू निसटला. कित्येक वर्षं ती साथ हेपॅटायटिस ए ची समजली गेली. पुढे त्या साथीतलं जपून ठेवलेलं सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव), तसंच अहमदाबाद आणि आमच्या पुण्याच्या साथींमधलं सीरम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासलं. १९८० मध्ये त्यांनी सांगितलं, हा ए नाही आणि बी सुद्धा नाही. जपलेल्या नळ्यांचं मोल मला तेव्हापासून कळतं, जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं.

आता वहिनींचं. मला खरी काळजी त्यांची वाटते. तुमच्यापासून त्यांना लागण होण्याची शक्यता कमी, पण पाणी दोघांचं एकच आहे. शेवटच्या तिमाहीत ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. चीनमध्ये २०११ साली ई ची लस मंजूर झाली, आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. म्हणून आजपासून पाणी खळखळ उकळूनच प्या, भांडी घासून झाल्यावरचं शेवटचं पाणीसुद्धा उकळलेलं. बाहेरचा बर्फ, पाणीपुरी, उसाचा रस बंद. तुमच्या ई च्या रिपोर्टबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आजच सांगा. त्यांचे डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आणि बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत बी चा पहिला डोस द्यायला सांगा.