बांध रचायला निघालेल्या पोरीस

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष चालू असताना रविवारची झोप सोडून श्रमदानाच्या गटाबरोबर साक्रीकडं पडके दगडी बांध रचायला जाणार म्हणतेस, वाचून बरं वाटलं. आईची काळजी वेगळी आहे, ती मी बोलून मिटवतो. पण 'आपण गावाला काय देऊ शकतो' असं विचारलंयस, ते जरा उलटं झालं. सध्या देण्यासारखे तुझ्याकडं दोन हात आहेत. बाकी सगळं तिथून घ्यायचंच आहे. बांध शेतकऱ्याचा, कसब मिस्तरीचं, आणि तू दोघांच्या हाताखाली. एवढं मनात पक्कं करून जा.

कोरड्या रचाईत चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा लेपसुद्धा नाही. दगडावर दगड, आणि सगळा भरवसा वजनावर. तुला रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, शिकवताना मागं साचलेल्या पाण्याचा दाब किती वाईट ते शिकवलं असेल, आणि त्यासाठी भिंतीत पाइप घालून भोकं ठेवतात तेही. कोरड्या बांधाला ती भानगडच नाही. पाणी फटींतून पाझरून जातं, माती मागं राहते. पाया थोडा दबला तर बांधही त्याच्याबरोबर दबतो, तडकत नाही. इस्टिमेटात सिमेंट आलं की काम पक्कं झालं असं मानणारे साहेब मृदसंधारणाच्या नोकरीत मी पुष्कळ पाहिले. त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही.

मात्र कोरडा बांध पडतो, आणि पडतो तो कारणानं पडतो. गटात नवीन आलेल्यांना लगेच दगड उचलायची घाई असते. तू आधी पडलेल्या जागेपाशी बसून बघ. पाया मुरमापर्यंत नेला होता की नुसत्या मातीवर ठेवला होता? वरून पडणाऱ्या पाण्यानं पायथ्याशी खड्डा पाडलाय का? वरच्या अंगाला बाभळीनं मूळ घातलंय का? आणि गुरांची वाट बघ. शेळ्या नि गुरं बांध नेहमी एकाच ठिकाणी ओलांडतात, तिथले माथ्याचे दगड ढासळतात, मग पाणी तिथूनच वाट काढतं. असा बांध कितीही सुरेख रचा, पुढच्या पावसात तिथंच पडणार. तिथं गुरांना रीतसर वाट सोडायची आणि वाटेच्या दोन्ही कडांना जड दगड घालायचे. हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही, कारण रविवारी तुम्ही जाता तेव्हा गुरं भलतीकडंच चरत असतात.

आता कामाचं. रचण्यापेक्षा उकलण्यात जास्त वेळ जातो, आणि तेच तुझ्या वाट्याला येईल. कंटाळू नकोस. बांधाचं पोट सुटलंय तिथून दोन्ही बाजूंना धड भाग लागेपर्यंत उकलायचं. निघालेला दगड हाताला येईल तिथं फेकायचा नाही. पायाचे मोठे धोंडे बांधाजवळ, त्यामागं तोंडाचे, माथ्याचे सगळ्यात लांब; बांधाला लागून माणूस चालेल एवढी पट्टी मोकळी. आरपार जाणारे लांब दगड वेगळेच ठेव, ते कमी असतात आणि ऐन वेळी सापडत नाहीत. बारीक कपच्यांचा ढीग निराळा. माती झाडून बाजूला. असं मांडून ठेवलं की मिस्तरीला मान वळवली की हवा तो दगड दिसतो. जी पोरं हे नीट करतात त्यांना मिस्तरी दुसऱ्या आठवड्याला दोरीपाशी उभं करतो, हे मी पाहिलंय.

रचताना दगडाची लांबी बांधाच्या आत जाते. नवखा माणूस दगडाची मोठी, देखणी बाजू बाहेर दाखवतो. त्यानं बांध फोटोत चांगला दिसतो आणि आतून पोकळ राहतो. सांधेमोड तर तुला विटकामात शिकवलीच आहे: खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड यायला पाहिजे. दोन्ही तोंडं वर जाताना थोडी आत कलत जातात. मधूनमधून आरपार दगड टाकून दोन्ही तोंडं एकमेकांना बांधायची. आणि मधली भर! पोत्यात कांदे ओतावेत तशी घमेल्यानं भर ओतायची नाही. प्रत्येक थराला हातानं, एकेक कपची बसवत भरायची. त्यात माती तर अजिबात नको. माती पावसात फुगते, मग वाहून जाते, आणि दोन वर्षांनी पोट सुटलं की दोष दगडाला.

मिस्तरी दगड कसा ठेवतो ते जवळून बघ. ठेवल्यावर तो लगेच हात काढत नाही. दोन्ही तळवे वर टेकून आधी एका कोपऱ्यावर भार देतो, मग समोरच्या. कुठं हलकासा 'टक्' आवाज आला की दगड काढतो, अर्धा फिरवतो, पुन्हा ठेवतो. तरी हलला तर आतल्या बाजूनं कपची सरकवतो. बाहेरून ठोकलेली कपची उन्हापावसात सुटून खाली येते, म्हणून बाहेरून ठोकायची नाही. शेवटी दगडावर स्वतः उभा राहतो आणि शेजारच्याला विचारतो, "बठना का?" म्हणजे, बसला का? बठना असेल तरच पुढचा दगड. एकेका दगडाला असा वेळ गेला की शहरातली पोरं मोबाइल बघायला लागतात. तू तेवढ्यात पुढचा दगड हेरून ठेव.

तुमच्या भागात दगड मात्र उत्तम. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात पूर्व-पश्चिम पसरलेल्या, कुणी मुद्दाम बांधल्यासारख्या सरळ अरुंद टेकड्या तू एसटीतून पाहिल्या असशील. जमिनीच्या भेगांत चढलेला लाव्हा तिथंच थिजला, त्या या डाइक. थंड होताना त्यांत सांधे पडले, म्हणून त्यांचा दगड चौकोनी ठोकळ्यांत सुटतो. दोन सपाट बाजू असलेला दगड मिळणं हे रचाईतलं निम्मं काम. याउलट नाल्यातला गुळगुळीत गोटा बघायला छान, पण बसायचं नाव घेत नाही. तो भरीलाही फारसा चालत नाही.

नाल्यातले अनगड दगडी बांध हा वेगळा विषय, तरी गट तेही करतो म्हणून सांगतो. काम माथ्याकडून पायथ्याकडं करायचं. वर पाणी सुसाट असताना खाली बांध घातला तर पहिल्या मोठ्या पावसात तो जातो. दोन्ही टोकं काठात खोल शिरवायची. मध्यभाग काठांपेक्षा खोलगट ठेवायचा, म्हणजे पाणी मधून जातं, कडेनं काठ कापत नाही. वरची बाजू उभी चालते, खालची लांब उतरती हवी. उंची मीटरभराच्या आसपास पुरे. मोठा बांध घालायची हौस नाल्यात करू नये. वरच्या अंगाला आणखी दोन छोटे घाला.

शेताच्या बांधाविषयी एक गोष्ट मात्र कॉलेजात कुणी सांगणार नाही. आपल्याकडं भाऊबंदकी बांधावरूनच पेटते. एकानं नांगरताना वर्षाला वीतभर बांध कोरला, दुसऱ्यानं पुढच्या वर्षी तो परत ढकलला, आणि दोघंही तालुक्याला वकिलाच्या दारात. अशात तुम्ही पडका बांध रचायला गेलात आणि दोरी हातभर इकडं लागली, की तुमच्या श्रमदानाचा पंचनामा व्हायचा. म्हणून हद्दीवरचा बांध असेल तर दोन्ही शेतकरी हजर असल्याशिवाय दोरी बांधू नका. दोरीची टोकं त्या दोघांनाच धरायला लावा. काम सुरू करायच्या आधी फोटो काढा. मोजणीचा दगड दिसला तर त्याला हात नाही. हद्दीच्या खुणा हलवणाऱ्याला १९६६ च्या जमीन महसूल संहितेत दंड आहे, आणि तू त्या संहितेत पहिल्यांदा अशा कारणानं शिरावंस असं मला वाटत नाही.

आता पैशाचं बोलतो, कारण गटात हे कुणी बोलत नाही. तुम्ही सगळे फुकट काम करता म्हणून मिस्तरीनंही फुकट करावं अशी अपेक्षा ठेवली जाते. ज्या वडार मिस्तरीकडून तुम्ही शिकता त्याची रविवारची हजेरी बुडते. श्रमदान ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यानं करावं. गटाकडं पैसे नसतील तर दर रविवारी वर्गणी काढा, पण मिस्तरीची हजेरी संध्याकाळी त्याच्या हातात पडली पाहिजे, आणि ती मजुराच्या दरानं नाही, कारागिराच्या दरानं. जेवणाच्या पंगतीत पहिला मान त्याचा. हे सुरुवातीलाच बोलायला तू लहान आहेस, पण बोल. ओशाळले तर ओशाळू देत.

ही माणसं आता थोडीच उरलीत. जे म्हातारे आज सफाईनं दगड बसवतात त्यांतल्या पुष्कळांचा हात बाहत्तरच्या दुष्काळात बसला. तेव्हाच्या रोजगार हमीच्या कामांवर लोकांनी खडी फोडली, बांध घातले. त्यातूनच पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. त्यांच्या पोरांनी सुरत-नाशिकचा रस्ता धरला, हे बरोबरच झालं. पण मधली साखळी तुटली. कोरड्या रचाईच्या कसबाला युनेस्कोनं २०१८ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा त्यात युरोपातले आठ देश होते. २०२४ मध्ये आणखी पाच आले. ब्रिटनमधे तर १९६८ पासून या कामाची संघटना आहे, ती परीक्षा घेऊन पायरीपायरीची प्रमाणपत्रं देते. आपल्या मिस्तरीला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. तू त्याचं नाव, त्याचे शब्द, त्याची पद्धत वहीत लिहून ठेवलीस तरी पुष्कळ, अर्थात त्याला विचारून.

किल्ल्यांविषयी तू लिहिलंयस: लळिंग, भामेर, सोनगीर इथली ढासळलेली तटबंदी आपणच का उभी करू नये. नाही करायची. संरक्षित स्मारकाला हात लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तटाचा दगड जिथं पडलाय तिथं त्याची मूळ जागा शोधायची खूण आहे. तुम्ही तो उचलून भलतीकडं बसवलात की ती खूण पुसली. दुसऱ्या एका गटानं तर कुठल्याशा गढीच्या जुन्या भिंतीचे दगड उचलून नाल्याला बांध घातला आणि वर त्याचा सत्कार करून घेतला! किल्ल्यावर जा, प्लास्टिक वेचा, मोजमापं घ्या, फोटो काढा. रचायला शेतात ये.

बांध रचून तुम्ही निघून आलात की पुढं त्याचं काय, हे कुणीतरी बघितलं पाहिजे. पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटानं सगळ्यांनी मिळून वाटून घेण्याची रीत, तीनशे वर्षांहून जुनी मानतात. ती टिकली कारण पाटकरी पाणी द्यायला, जागल्या राखायला आणि पाट साफ करायला ज्यांचं शिवार तेच लोक हजर असत. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला एकदा जाऊन ये. जंगल राखायला गावाला पुढं नेणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली म्हणून नको, तर तिथले दगडी बांध नि जंगल गावानंच राखलंय ते बघायला. सातपुड्यातल्या पाड्यांवर एकमेकांच्या कामाला जाण्याची लाह आहे, तिची चौकशी कर. तुमच्या गटानं एक नेम करावा: शेतकऱ्याच्या घरातला एकजण दिवसभर बरोबर रचायला उभा नसेल, तर त्या शेतात काम घ्यायचं नाही. नंतर एखादा दगड निसटला तर त्यानंच तो बसवायचा. आणि पाऊस संपल्यावर मागच्या वर्षीचे बांध फिरून बघा. नवीन घ्यायच्या आधी त्यांची डागडुजी.

दिवाळीनंतर ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, काम बरं होतं. पुढं दहा वाजले की दगडाला हात लागत नाही, तेव्हा पहाटेच सुरू करा. चामड्याचे हातमोजे घाल, म्हातारे घालत नाहीत ते बघू नकोस. त्यांचे तळवे वेगळे आहेत. बूट बंद हवेत. दगड उचलण्यापेक्षा चालव: पहारीखाली एक अडणीचा दगड, आणि थोडा थोडा पुढं. पडक्या बांधात फुरसं आणि विंचू हमखास असतात. दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडं वळवायचा, म्हणजे खाली कुणी असलंच तर मधे दगड राहतो आणि त्याची वाट पलीकडं मोकळी होते. कुणाला चावलं तर कापाकापी, मंत्रतंत्र काही नाही. पाय हलू न देता सरळ ग्रामीण रुग्णालय. ते किती अंतरावर आहे आणि कोणाची गाडी उभी आहे, हे काम सुरू होण्याआधी विचारून ठेव.

डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा जास्तीचा ने, मिस्तरीला आवडतो. माझी जुनी पहार माळ्यावर आहे, शनिवारी येऊन घेऊन जा. ओळंबाही देईन, पण तो पिशवीतच राहू दे. तिथं त्यांची दोरी असते, तीच वापर.

तुझे,
आप्पा